आप्पांचा हूक सांभाळणाऱ्या हौसाआक्का

हौसाआक्का गेल्याचं मला त्यांच्या थोरल्या भाच्यानं, विलासनं, फोनवर कळवलं. दोन दिवसांसाठी म्हणून मी जुईनगरला लेकीकडे गेले होते. "मॅडम, आत्या गेली सकाळी," तो म्हणाला, आणि मी "अरे देवा" म्हणते न म्हणते तोच पुढचं वाक्य आलं, "तिनं हूक कुठं ठेवलाय, तुम्हाला ठाऊक असेल ना?" मी फोन आपटला. इतका संताप आला की रडायचंही राहून गेलं बघा. ते रडू आता महिन्याभरानं, हे लिहिताना येतंय...

सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत आक्का माझ्या समोरच्या दारी राहायच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या. तरुणपणीच नवरा गेला, पोरबाळ नाही. बाजारातल्या हमालांना भाकऱ्या पुरवून उभं आयुष्य काढलं. मी शाळेत शिकवायचे, म्हणून त्या मला 'बाई' म्हणायच्या. त्यांचे वडील म्हणजे हमालांचे पुढारी आप्पा. इंग्रजांच्या अमदानीत मुंबईच्या गोदामांत गोण्या वाहता वाहता त्यांनी हमालांची एकजूट बांधली, संप केले, तुरुंग भोगला. त्यांच्यावर पाठ्यपुस्तकात धडा आहे आणि तो मीच शिकवायचे. पण त्यांचा हूक मात्र मी पाहिला तो आक्कांच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर. गोणीत रुतवून ती पाठीवर ओढून घ्यायचा असतो ना, तोच लोखंडी हूक. लाकडी मूठ घामानं काळीभोर झालेली. खंडेनवमीला आक्का तो पदराखाली धरून वाशीच्या बाजारात न्यायच्या. आप्पांच्या जुन्या टोळीतली माणसं आपापल्या हुकांबरोबर त्याचीही पूजा करायची, मग आक्का तो परत आणायच्या.

त्या टोळीत आप्पांनीच घालून दिलेला एक रिवाज होता. हमाल गेला की त्याचा हूक पोराकडे जात नाही, टोळीकडे परत जातो, नव्या गड्याच्या हातात. पण आप्पा गेले तेव्हा टोळीनंच आक्कांना म्हटलं, तुम्ही आहात तोवर तुमच्यापाशी राहू द्या. आणि आक्कांनी शब्द दिला, माझ्या माघारी टोळीला. मी एकदा म्हटलं, "आक्का, हे लिहून ठेवा, साक्षीदारांच्या सह्या घ्या. तुमचे भाचे काही साधे नाहीत." भाकरी थापता थापता त्या माझ्यावरच उखडल्या. "बाई, हमालाचा समदा कारभार तोंडी आसतोय. ट्रकच्या ट्रक निस्त्या शब्दावर रिकामं हुत्यात. आन् बापाच्या हुकासाठी कागुद करू व्हय? भाच्यास्नी सांगितलंय मी. बास झालं!" इथंच चुकल्या हो आक्का. टोळीत चालणारं नाणं घरातही चालेल असं त्यांना वाटलं.

आक्कांच्या वारलेल्या भावाची ही दोन पोरं, त्यांची तऱ्हा काय सांगावी! विलासची कळंबोलीला ट्रान्सपोर्ट कंपनी होती. ती बसली तेव्हा त्यानं 'आप्पा छाप चहा' काढला, पुड्यावर फेटा बांधलेला आप्पांचा फोटो. पुडा बघून आक्का म्हणाल्या, "आरं मुडद्या, आप्पा उभ्या जल्मात च्या प्याले न्हाईत!" धाकट्या सुरेशनं आजोबांच्या नावानं प्रतिष्ठान काढलं, जयंतीला दारोदार वर्गणी गोळा करू लागला, आणि फोटो वापरायचा हक्क आपलाच म्हणून त्यानं सख्ख्या भावाला कोर्टात खेचलं. मग एक बिल्डर आला. आप्पांच्या नावानं टॉवर बांधणार, खाली काचेच्या कपाटात त्यांचा हूक ठेवणार. सुरेशनं त्याला हूक कबूल केला. तिकडं विलासनं तोच हूक एका पक्षाच्या पुढाऱ्याला कबूल करून ठेवलेला, नव्या महापालिकेच्या तिकिटासाठी. दोघंही आळीपाळीनं पेढे, साड्या घेऊन आत्याकडे यायचे. आक्का पेढे वॉचमनला देऊन टाकायच्या. पण पुढं आक्का आजारी पडल्या, दुखणं वाढलं तसा त्यांचा धीर सुटत गेला. एका दुपारी त्यांनी मला हूक भिंतीवरून काढायला लावला, ज्वारीच्या पिंपात तळाशी पुरायला लावला, आणि माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "बाई, टोळीला पोचला पायजे. न्हायतर आप्पाला तोंड कसं दावू?"

त्या दिवशी जुईनगरहून मी धावतपळत घरी आले, तोवर या दोघांनी स्वयंपाकघर उपसलं होतं. पीठमीठ उलथंपालथं, ज्वारी जमीनभर सांडलेली. बाहेरच्या खोलीत आक्का चादरीखाली निजलेल्या, आणि आत दोघं घोडे हूक ओढताहेत, एकानं मूठ धरलेली, दुसऱ्यानं आकडा! सुरेशचा तळवा फाटून रक्त आलं तरी सोडेना. मी म्हटलं, "लाज वाटते का रे? बाहेर आत्या आहे तुमची." तेव्हा कुठं थांबले. शेजाऱ्यांनी मध्ये पडून हूक लोखंडी कपाटात ठेवला, त्याला दोन कुलुपं लावली, एकेकाकडे एकेक किल्ली. मग दोघांनी डोळे पुसत आक्कांना खांदा दिला.

दहाव्याला आम्ही खाडीकाठी जमलो. टोळीतली माणसं काम बंद ठेवून आली होती, त्यांचे म्हातारे मुकादम धोंडीबा पुढं उभे. गुरुजींनी पिंड मांडला. समोर खारफुटीवर कावळेच कावळे, पण एक शिवेल तर शपथ! जवळ यायचे, मान वाकडी करून बघायचे, आणि मागं सरायचे. कुणी म्हणालं, आक्का, तुमचं वर्षश्राद्ध नीट करू. कुणी म्हणालं, गावच्या देवीची ओटी भरू. कावळा ढिम्म. आक्कांचा जीव कशात अडकलाय हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. शेवटी धोंडीबाच बोलले, "इलास, सुरेश, म्हना की बाबांनो, हूक टोळीला दिऊ. शिवंल कावळा."

विलासनं सुरेशकडे पाहिलं. सुरेश पाण्याकडे बघत राहिला. कोर्टात, मिरवणुकीत हवं ते बोलणारी ही पोरं, पण पिंडासमोर दिलेला शब्द मोडायची छाती दोघांत नव्हती. म्हणून तो द्यायचाच नाही... माझा बांध फुटला. "अरे बोला रे! मेल्यावर तरी त्या बाईला मोकळी करा!" मी हात जोडले, देवापुढंसुद्धा कधी जोडले नसतील असे. ऊन चढत गेलं. धोंडीबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. "शास्त्रात सोय आहे," ते हळूच म्हणाले. "दर्भाचा कावळा करून शिववता येतो. करू का?"

"करा," दोघं भाऊ एकदमच म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.