पावणेचार व्होल्ट

राजधानीतल्या द्वारका वसाहतीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त सुभेदार रोज जिन्यात मला अडवायचे. "वहिनी, टॉर्चचे सेल चार्ज केलेत ना? आणि नुसता आकार बघू नका. हा चार्जिंगचा पेन्सिल सेल सव्वा व्होल्टचा. तस्साच दिसणारा लिथियमवाला पावणेचारचा, बल्बच उडवेल!" मला त्यांचा धाकच वाटे.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी दाट धुक्यात वीज गेली. त्यांची मुलगी अजून ऑफिसातून परतली नव्हती. गेटपाशी त्यांनी टॉर्च लावला. क्षणभर पांढरा लखलखाट झाला आणि बल्ब गेला. घाईत त्यांनीच लिथियमचे सेल घातले होते.

मी माझा टॉर्च पुढे केला. तो जवळजवळ हिसकावून ते रस्त्याकडे धावले. आत कुठले सेल आहेत, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.