आत्या माझ्या वर्गात

माझ्या आत्याइतका अवघड विद्यार्थी कुठल्याही विद्यापीठाला आजवर मिळाला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण दोन वर्षं मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले आहे. तीर्थपुरीच्या एका शाळेत ती चौतीस वर्षं चित्रकला शिकवत होती, आणि मराठीच्या बाई रजेवर गेल्या की मराठीसुद्धा. निवृत्त झाल्यावर ती अंबडला आमच्या घरी राहायला आली. पंधरा दिवस तिनं गच्चीवर कुरडया घातल्या. सोळाव्या दिवशी मी चित्रकलेच्या पदव्युत्तर वर्गाचा अर्ज भरत बसले होते, तर मागे उभी राहून म्हणाली, "अजून एक फॉर्म काढ." मला वाटलं, माझा खराब झाला तर जवळ असावा म्हणून सांगतेय. मी काढला. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्यावर ठसठशीत अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. लग्नाआधी तिनं चित्रकलेची पदवी घेतली होती, पुढचं राहून गेलं होतं. माझे वडील तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, ते चाचरत एवढंच म्हणाले, "ताई, लोक काय म्हणतील?" त्यावर आत्या म्हणाली, "लोकायला मीच शुद्धलेखन शिकवलं. काय म्हणायचं ते शुद्ध म्हणतील."

आम्ही दोघींनी विद्यापीठाजवळ एक खोली घेतली आणि माझ्या हालांना सुरुवात झाली. वर्ग अकराला असला तर आत्या साडेदहाला हजर. ईझल एका रेषेत लावायची, खिडक्या उघडायची, वहीच्या शेवटच्या पानावर कुठले सर किती मिनिटं उशिरा आले ते लिहायची. आमचे विभागप्रमुख लहानपणी तिच्या हाताखाली सहावीत होते, हे तिला पहिल्याच दिवशी ओळखू आलं आणि त्यांनाही. आता विद्यार्थिनी म्हणून तिनं त्यांना 'सर' म्हणणं भाग होतं. ती म्हणायचीही. पण क्रियापद काही तिच्या जिभेवर वळत नसे. "सर, शर्टाचं बटन लाव," असं ती भर वर्गात म्हणाली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी कागदात माना घातल्या. सरांनी बटण लावलं. पण त्यांचा चेहरा जो कडक झाला, तो दोन वर्षं सैल झाला नाही. मॉडेल म्हणून एक म्हातारे बाबा तासन्‌तास बसायचे, त्यांना ती दर वीस मिनिटांनी उठवून चार पावलं चालायला लावायची. कुणी कुरकुर केली की म्हणायची, "माणूस हाय तो पोराहो, मांडून ठेवलेला माठ न्हाई." शांत, सभ्य, बाहेरच्यांशी बोलायची तिची भाषा वेगळी होती, माणूस तिच्या मनात शिरला किंवा डोक्यात गेला, की ही घरची भाषा सुरू व्हायची.

तिचं सगळ्यात भयंकर शस्त्र म्हणजे लाल पेन्सिल. मधल्या सुट्टीत सगळे चहाला गेले, की ती वर्गातून फेरी मारून प्रत्येकाच्या चित्राच्या मागच्या बाजूला शेरा लिहायची: 'बरे.' 'हात बारीक झाला.' 'घाई.' मी त्या काळात अमूर्त चित्रं काढत होते, मोठमोठी, राखाडी. "हे काय हाय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मनाची अवस्था आहे, आत्या. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मंग मन जरा झाडून घे." एवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्या वर्षी विभागप्रमुखांच्या स्वतःच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला पाहुणे होते, हार होते. आणि सर्वांत मोठ्या चित्राखाली, नावाच्या पट्टीवर, लाल अक्षरांत लिहिलेलं सापडलं: 'खांदे चुकले. पुन्हा काढणे.' कुणी लिहिलं हे कुणालाच विचारावं लागलं नाही. सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. आवाज न चढवता ते म्हणाले, "अंतिम परीक्षेला बाहेरून परीक्षक येतील. साडेतीनला ते निघतील. त्याआधी जो विद्यार्थी आपल्या मुख्य चित्रासकट समोर नसेल, तो नापास. कोण कुणाचं काय लागतं, ते मी बघणार नाही." बाहेर आल्यावर मी रडकुंडीला आले होते. आत्या म्हणाली, "पण खांदे चुकलेच हायेत की."

आत्याचं मुख्य चित्र अंबडच्या बसस्टँडचं होतं. परीक्षेआधीची सुट्टी लागली तेव्हा आम्ही आपापले मोठे कॅनव्हास घेऊन घरी आलो होतो, आणि ती रोज सकाळी स्टँडवर जाऊन बसत होती. हातात वही, डोळ्यांवर चष्मा, ताठ पाठ. लोक तिला चौकशी खिडकीवरची बाई समजून गाड्या विचारायचे. पहिले दोन दिवस ती चिडली. तिसऱ्या दिवसापासून तिनं वेळापत्रक पाठ केलं आणि बरोबर उत्तरं द्यायला लागली. त्या बदल्यात लोक तिला आपली हकिकत सांगायचे. परतूरची बाई, कोर्टाच्या तारखेला आलेले दोन भाऊ, मुलीला बघायला निघालेलं कुटुंब. चार फूट बाय तीन फुटाच्या त्या कॅनव्हासवर सत्तावीस माणसं होती, आणि प्रत्येक माणूस कुठे निघालाय हे आत्याला ठाऊक होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सातच्या गाडीनं निघालो. कॅनव्हास जुन्या चादरींत गुंडाळून मागच्या सीटवर उभे केले होते. जालना दहा-बारा किलोमीटर राहिलं आणि गाडी थांबली. पुढे गाड्यांची रांग, आणि रांगेच्या टोकाला रस्त्यावर हंडे मांडून बसलेल्या बाया. गावाला तीन आठवडे पाणी नव्हतं. तहसीलदार येऊन टँकर कबूल करीपर्यंत कुणी उठणार नव्हतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि गमछा तोंडावर घेतला. आठ वाजले. साडेआठ. नऊ. आत्या उतरून पुढे गेली. मी मागे धावले.

"बाई, तुमी?" हंड्यांमधून एकजण उठली. आत्याची जुनी विद्यार्थिनी. तिनं वाकून पायाला हात लावला. "जयभीम बाई. इकडं कुठं?"

आत्यानं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. बाया एकमेकींत बोलल्या. रस्ता सोडायला त्या बिलकुल तयार नव्हत्या, आणि आत्यानंही ते मागितलं नाही. "पाणी पहिलं," ती म्हणाली. पण त्या गावची एक नर्स ड्यूटीसाठी स्कूटीवरून जालन्याला निघाली होती. शेतातल्या पांदीनं, त्या अरुंद गाडीवाटेनं, तिची स्कूटी पलीकडे निघणार होती. ती जालन्याच्या स्टँडवर सोडायला तयार झाली. एकच फेरी, एकच माणूस, एकच कॅनव्हास. परत यायला तिला वेळ नव्हता.

मी गाडीकडे पळत गेले आणि माझं चित्र उतरवून आणलं. खरं सांगते, माझ्या मनात शंकाच नव्हती. घरात शेवटचा लाडू कुणाचा असतो, तसं ते ठरलेलंच होतं. मी सत्तावीस वर्षांची, नोकरी लागायची, आयुष्य पुढे पडलेलं. मी आले तर आत्या स्कूटीवर बसून होती. तिचं चित्र तिनं दोन्ही हातांनी पाठीमागून आडवं धरलं होतं, पदर कमरेला खोचला होता.

"आत्या, मी जाते ना," मी म्हटलं.

"न्हाई."

"अगं, माझी परीक्षा—"

"माझी बी हाय." तिनं माझ्याकडे पाहिलं, वर्गात बघायची तसं. "तू पुढच्या साली बसशील. मी साठीला टेकले पोरी. मला पुढचं साल कोण लिहून देऊन राह्यलं?"

स्कूटी पांदीत वळली. वाऱ्यानं चादर फडफडली आणि मग दिसेनाशी झाली.

त्यानंतरचे तीन तास मी कधी विसरणार नाही. मी रस्त्याकडेला कडुलिंबाखाली चित्र मांडीशी टेकवून बसले होते आणि मनातल्या मनात आत्याला असं बोलत होते की जे इथं लिहिता येणार नाही. दोन वर्षं हिच्यामुळे मी मान खाली घातली. आणि ऐन वेळी ही मला रस्त्यावर सोडून गेली. एका बाईनं मला तांब्यातलं पाणी दिलं. तीन आठवडे पाणी नसलेल्या गावचं ते पाणी प्यायला मला लाज वाटली, पण मी प्यायले. बारा वाजता तहसीलदार आले. साडेबाराला रस्ता सुटला. जालन्याहून पुढे गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत गेली आणि मी घड्याळ बघायचं सोडून दिलं. शहरात उतरून रिक्षा केली. विभागाच्या पायऱ्या चढले तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते.

जिन्यातच मला तिचा आवाज ऐकू आला. चढत-उतरत, ठाम, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. दारात विभागप्रमुख घड्याळाला डोळे लावून उभे होते. शिपाईमामा माझ्या हातातलं चित्र घेत कुजबुजले, "दोन तास झाले ताई. थांबूनच न्हाई राह्यल्या." आत परीक्षक, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ, स्टुलावर बसले होते. दोनदा उठायला गेले, दोनदा आत्यानं त्यांना "बसा, झालंच" म्हणून बसवलं होतं, असं मला नंतर कळलं. आत्या पट्टी घेऊन चित्रासमोर उभी होती. एकेका माणसाची हकिकत सांगत ती एकोणिसाव्या माणसापर्यंत आली होती.

"—तर ह्या बाईची गाडी चुकली, कारण तिचा नवरा पानं आणायला गेला तो—"

तिनं मला पाहिलं. पट्टी खाली आली.

"बाकीचे आठ जण नुसतेच बसलेत," ती परीक्षकांना म्हणाली. "माझं झालं." आणि जाऊन कोपऱ्यात बसली. आवाज पार बसला होता.

माझी तोंडी परीक्षा दहा मिनिटांत आटोपली. मी काय बोलले, मला आठवत नाही. महिन्यानं निकाल लागला. मला पहिला वर्ग मिळाला, आत्याला दुसरा. तोंडी परीक्षेत तिला फारच कमी गुण होते. उत्तरं लांबली, असं विभागात कुणीतरी म्हणालं. आत्यानं गुणपत्रिका ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवली. मी एकदा धीर करून विचारलं, "आत्या, तू मुद्दाम बोलत राहिलीस ना? मी येईपर्यंत?" ती भाजी निवडत होती. "त्यांनी इचारलं, मी सांगितलं," ती म्हणाली. "मला माझं चित्र दाखवायचं होतं. बास." मी पुष्कळ विचार केला आहे. स्कूटीवर बसताना तिच्या मनात काय होतं, मला अजून सांगता येत नाही. त्या सकाळचा तिचा आवाज आठवला की वाटतं, ती खरंच स्वतःसाठीच गेली. मग मला बघताच खाली आलेली ती पट्टी आठवते.

आता मी एका कॉलेजात शिकवते. आत्या अंबडलाच असते. दर रविवारी तिचा फोन येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चित्र काढून राह्यली का?" मी सांगते, पेपर तपासायचे होते, मीटिंग होती, खोली बदलली. गेल्या रविवारी तिनं तेच विचारलं आणि मला एकही कारण सुचलं नाही. आठ महिने झाले, मी ब्रश ओला केलेला नाही, हे मी तिला सांगितलं नव्हतं. पण मी गप्प राहिले तेवढ्यात तिला ते कळलं असावं. मी कान टवकारून बोलणी खायची वाट बघत होते. पलीकडे कुणीतरी नळ बंद केल्याचा आवाज आला.

"बरं," आत्या हळू म्हणाली. "जेवून घे." आणि तिनं फोन ठेवला.