फाटकात न गेलेला ट्रक

आमच्या वस्तीत कुरोसेला कुणी घरात बोलावत नाही. माणूस वाईट नाही. दारू बेताची, बोलणं त्याहून बेताचं. पण त्याचा धंदाच पांढऱ्या पायाचा. शेण-बर्फ उपसायचे जुने लोडर विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे. आता इथे, होक्काइदो बेटाच्या पूर्व भागात, गोठा बंद करायचा म्हटलं की आधी गाई जातात, मग ट्रॅक्टर, आणि सगळ्यात शेवटी लोडर. कारण शेण आणि बर्फ शेवटच्या दिवसापर्यंत सुट्टी घेत नाहीत. त्यामुळे कुरोसेचा लांबलचक ट्रक एखाद्या फाटकात वळला की शेजारी समजून जातात, हे घर आटोपलं. संध्याकाळपर्यंत बँकेलाही कळतं.

म्हणून तो ट्रक माझ्या पेट्रोल पंपावर उभा करतो आणि मशीन बघायला पायी जातो. सौदा ठरला, घरच्यांनी स्वतःच्या तोंडाने चार जणांना सांगितलं, की मगच ट्रक नेतो. ही रीत त्याला कुणी शिकवली नाही. आम्ही एका शाळेत होतो, त्यामुळे मी त्याला हवं ते बोलते.

“काय रे, आज कुणाचा नंबर?”

मी गरम कॉफीचा छोटा सीलबंद डबा त्याच्या हातात देते, तो खिशात घालतो आणि चालू लागतो.

माझ्या दिराचा लोडर त्याने घेतला तेव्हा त्याची बघायची पद्धत मी पाहिली. आधी हातमोजा काढून तळहात इंजिनच्या झाकणावर ठेवायचा. झाकण कोमट लागलं तर समजायचं, मालकाने गुपचूप आधीच सुरू करून ठेवलंय, म्हणजे थंडीत ते सुरू होत नाही. मग पुढची बकेट उंच उचलायची, इंजिन बंद करायचं आणि नुसतं उभं राहायचं. बकेट आपोआप किती खाली येते त्यावरून आतले सील किती झिजलेत ते कळतं. दीर शेजारी परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा उभा होता. झाकण कोमट होतं. बकेट चांगली हातभर खाली आली.

“चांगलं सांभाळलंय,” कुरोसे म्हणाला. दीर ते वाक्य अजून लोकांना सांगतो.

घेतलेल्या मशीनपैकी चांगली निघतील ती विकायची, बाकीची खोलून सुट्या भागांसाठी ठेवायची. त्याच्या आवारात अशी अर्धी खोललेली मशीन रांगेने उभी असतात. तो त्यांना कंपनीच्या नावाने ओळखत नाही, घराच्या नावाने ओळखतो. हा ओनोदेरा, तो साकाकी. ओनोदेरा कुटुंब कधीच शहरात गेलं, साकाकी म्हातारा तर वारला, पण कुरोसेकडे ते आहेत. त्याची बायको फार पूर्वी सापोरोला गेली ती गेलीच. हिवाळ्यात रात्री बॅटऱ्या गारठून मरतात म्हणून तो त्या काढून घरात आणतो. एकदा मी केरोसीन द्यायला गेले, तर स्टोव्हभोवती बॅटऱ्या गोल मांडलेल्या आणि त्यांच्यात बसून हा पठ्ठ्या नूडल्स खातोय.

“पाहुणे बरेच आलेत की.”

“हे बोलत नाहीत,” तो म्हणाला.

“मग तुझ्यावरच गेलेत.”

तो हसला. मला मात्र घरी जाताना वाईट वाटत राहिलं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला ओबाता मित्सुएचा गोठा होता. नवरा गेल्यावरही ती एकटी गाई सांभाळत होती. तिच्या पलीकडे कुणी राहत नव्हतं, आणि अलीकडचेही एकेक करून उठले होते. एका फेब्रुवारीत मी पंपासमोरचा बर्फ ओढत होते, तर समोरून तिचा लोडर उलटा येताना दिसला. मित्सुए मान मुरगाळून मागे बघत होती आणि तशीच थेट डिझेलपाशी येऊन थांबली.

“तोंड कुठे आणि निघालीस कुठे?” मी विचारलं.

“पुढचे गिअर गेलेत. मागचाच चालतो. कुरोसे-सानना सांग. पण ट्रक माझ्या दारात दिसला तर बघा म्हणावं. मी काही बंद करत नाहीये.”

“तूच फोन कर की.”

“फोनवर ते बोलतात का कधी?”

मी निरोप दिला. दुसऱ्या दिवशी कुरोसेने ट्रक पंपावर लावला, त्यातून लहान मुलांची लाल प्लॅस्टिकची घसरगाडी काढली, तिच्यावर क्लचच्या प्लेटा आणि हत्यारं बांधली आणि दोरी खांद्यावर घेऊन निघाला. प्लेटा ओनोदेराच्या होत्या. आठवडाभर तो असा ये-जा करत होता. मित्सुए मात्र घरात बोलवायची, तर हा कपड्यांना ग्रीस लागलंय म्हणून शेडमध्येच उभ्याने खायचा. शेवटी लोडर पुढे गेला.

त्यानंतर दर हिवाळ्यात काही ना काही निघायचंच. तिच्या लोडरला साकाकीचा पंप बसला, माझ्या दिराच्या लोडरची सीट बसली, कुणाचा दरवाजा, कुणाचे दिवे. “अख्खी वस्ती माझ्या शेडमध्ये जमलीय,” मित्सुए म्हणायची, “फक्त सणाची वर्गणी कुणी देत नाही.” मी एकदा कुरोसेला म्हटलं, एवढ्या जिवाच्या आकांताने करतोस, त्यापेक्षा तिचा लोडर विकत घे आणि मोकळा हो. तो कधी नव्हे ते वळून म्हणाला, “तो एक घ्यायचा नाही मला. तेवढा एक गोठा चालू राहू दे.” यापेक्षा मोठं काही मागताना मी त्याला कधी ऐकलं नाही.

पण गुडघ्यांना सुटा भाग मिळत नाही. मित्सुए गोठ्यात दोनदा पडली, मुलगा चितोसेहून आला आणि शरद ऋतूत गाई गेल्या. मग तिने मलाच फोन केला. “कुरोसे-सानना सांग, आता आणा म्हणावं ट्रक. दिवसाढवळ्या, अगदी दारापर्यंत. आणि येताना उपाशी या म्हणावं, जेवायला.”

ठरलेल्या दिवशी सकाळी कुरोसे पंपावर आला आणि माझ्या तिथल्या छोट्या दुकानात मोज्यांपाशी घुटमळत राहिला.

“हे किती मापाचे?”

“लग्नाला चाललास काय?”

“आत जायचंय,” तो म्हणाला. “बूट काढावे लागतील.”

मी त्याला मोजे दिले. त्याने ते तिथेच खुर्चीवर बसून घातले, जुने खिशात कोंबले. आणि मग ट्रक तसाच माझ्याकडे सोडून तो पायी निघाला.

“अरे, ती ट्रक आण म्हणालीय,” मी मागून ओरडले. त्याने नुसता हात हलवला.

पुढचं मला मित्सुएने सांगितलं. गाव सोडून जाताना मुलाच्या गाडीत पेट्रोल भरायला ती दोघं थांबली तेव्हा तिने काच खाली केली. सगळी भांडी बांधून झाली होती, दोन वाडगे तेवढे बाहेर ठेवले होते. साल्मन आणि बटाट्याचं गरम सूप केलं होतं. कुरोसे गुडघे मोडून बसला आणि दोनदा मागून घेऊन जेवला. मग तिने लोडरची किल्ली त्याच्या वाडग्याशेजारी ठेवली.

“ट्रक कुठंय, मी विचारलं. तर म्हणाले, हा लोडर उचलण्यासारखा नाही. तिथेच राहू द्या, मी अधूनमधून येऊन चालवत जाईन, नुसता उभा राहिला तर सील सुकतात.” मित्सुए रुमाल शोधत होती. “सील सुकतात म्हणे.” मुलाने गाडी सुरू केली.

त्या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडला. तेव्हापासून बर्फ पडून गेला की सकाळी कुरोसे येतो, ट्रक माझ्याकडे लावतो, घरी ऊब दिलेली बॅटरी लाल घसरगाडीवर बांधतो आणि ओढत नेतो. मग टोकाकडून लोडरचा आवाज येतो. मित्सुएच्या फाटकापासून दारापर्यंतची वाट तो स्वच्छ काढतो, गोठ्यासमोर दुधाचा टँकर वळायला लागते तेवढी जागाही काढतो. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, आत माणसं उठलीत. दुधाच्या टँकरवर एक नवा ड्रायव्हर आला होता, तो वाट चुकला आणि सरळ आत वळला. गोठ्याच्या दारावर बराच वेळ हॉर्न वाजवत होता बिचारा. परत येऊन मला विचारतो, “त्या टोकाच्या घरचे अजून झोपलेत का?”

काल पुन्हा बर्फ पडला. कुरोसे बॅटरीची दोरी आवळत होता. त्याची कंबर आता पूर्वीसारखी वाकत नाही, एक गाठ मारायला वेळ लागतो. मला राहवलं नाही.

“ट्रक घेऊन जा ना रे. आता कुणापासून लपवतोस? सगळ्यांना माहीत आहे.”

“ट्रक फाटकात दिसला की म्हणतील, ओबातांचं संपलं.”

“म्हणायला उरलंय कोण इथे?”

त्याने खरंच विचार केला. रस्त्याच्या एका टोकाकडे पाहिलं, मग दुसऱ्या. मग कॉफीच्या डब्यासाठी माझ्यापुढे हात केला.

“तू आहेस की,” तो म्हणाला, आणि दोरी खांद्यावर घेऊन निघाला.