नवं कपाट जुनं करताना

कुणाच्या घरी गेलं की आमचे आप्पा आधी खुर्चीच्या हातावर तळहात फिरवायचे आणि मगच बसायचे. लग्नकार्यातसुद्धा. आईला लाज वाटायची. पण बेळगावात जन्मभर पॉलिशचं काम केलेला माणूस. खडबडीत लाकूड लागलं की घासात खडा आल्यासारखं तोंड करायचे. डोळे गेल्यात जमा झाले आणि वर्कशॉपला येणं थांबलं, तरी हाताची सवय सुटली नाही.

मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. आणि आता करतो काय, तर नव्या लाकडाला म्हातारं करतो. आधी तपकिरी रंग, त्यावर कडांना मेणबत्ती घासायची, मग पांढरा. वाळला की जिथं माणसाचा हात लागतो तिथं पॉलिश पेपर मारायचा, म्हणजे खालचा तपकिरी डोकावतो. शेवटी साखळीचे चार फटके. झालं शंभर वर्षांचं. लोक खुळे झालेत, दुसरं काय. पण ह्याच खुळावर माझी चूल पेटते, आणि हे आप्पांना मी कधीच सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचो, "चाललंय, नेहमीचंच."

सांबऱ्याकडच्या एका हॉटेलवाल्याचं कपाट होतं. काम पुरं झालेलं, वर्कशॉपात जागा नाही, म्हणून घरच्या पडवीत आणून ठेवलं आणि दोन दिवस सासुरवाडीला संकेश्वरला गेलतो. परत आलो तर कपाट गुळगुळीत. प्रत्येक खड्ड्यात लांबी-पुट्टी भरलेली, घासलेली, वर पांढऱ्याचा एकसारखा हात. धड न दिसणाऱ्या माणसानं नुसत्या बोटांवर केलेलं. असं काम मला आजही जमत न्हाय.

"आप्पा, ह्याला हात कुणी लावला?"

"म्याच," आत सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून ते हळूच बोलले. "लई बिघडलाय रं तुझा हात. कडा उडाल्यात, खड्डं पडल्यात. गिऱ्हाईक शिव्या घालंल तुला. कुणाला सांगितलं न्हाय म्या."

माझं डोकं फिरलं. सकाळी टेम्पो येणार होता. "ते मुद्दाम केलतं," मी ओरडलो. "लोकांना तसंच लागतंय आता."

"मुद्दाम?" आप्पांनी एवढंच विचारलं.

तिथंच, त्यांच्यासमोर मी पेपर घेतला, साखळी काढली. एक दिवस उशीर होईल म्हणून हॉटेलवाल्याला सांगता आलं असतं, तो काय मला खाणार होता? निदान वर्कशॉपला नेऊन तरी करायचं. पण इतकी वर्षं लपवलेलं उघडं पडलं होतं, त्याची लाज वाटत होती, आणि ती मी कपाटावर काढली. हे मला तेव्हाही कळत होतं. आप्पा खुर्चीत बसून फटके ऐकत होते.

हॉटेलवाला खूश झाला. फोटोत होतं त्याहून जुनं दिसतंय म्हणाला.

परवा निपाणीला पाहुण्यांकडं साखरपुड्याला आप्पांना घेऊन गेलो. कुणीतरी लाकडी खुर्ची पुढं केली. मी सवयीनं त्यांच्या हाताकडं बघत थांबलो.

आप्पा सरळ बसले.