घोड्याची मधली दोरी

वहिनी पडल्या त्या माझ्यामुळे. घरात सगळ्यांना वेगळंच ठाऊक होतं, आणि ते वेगळं मीच त्यांना पटवून दिलं होतं. पडण्यापेक्षा ते पटवून देणं वाईट होतं, हे कळायला मला काही वर्षं लागली. कबूल करायला आणखी काही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अंथुर्ण्याला आमचं घर नवीनच बांधून झालं होतं. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, आणि भिंती इतक्या उंच की माळ्यावरचं काही काढायचं तर हात पोचत नसे. म्हणून दादानं, माझ्या थोरल्या भावानं, गावातल्या सुताराकडून लाकडी घोडा करून घेतला. रंगारी वापरतात तसला. दोन शिड्या वरच्या टोकाला बिजागरीनं जोडलेल्या, आणि उभा केल्यावर त्यांचे पाय फाकत जाऊ नयेत म्हणून मधे एक जाड सुती दोरी.

दादा साखर कारखान्यात पाळीवर जायचा. मी बारामतीला एका कचेरीत कारकून होतो, रोज स्कूटरनं जाऊन येऊन. घरातला शिकलेला म्हणून घोड्याचे कायदे मी केले होते. घोडा मीच लावणार. दोरी ताणलेली आहे का ते बघितल्याशिवाय कुणी चढायचं नाही. सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहायचं नाही. हात पोचत नसेल तर वाकायचं नाही, खाली उतरून घोडा सरकवायचा. खाली एकानं धरून उभं राहायचं. हे मी इतक्यांदा सांगायचो की वहिनी हसायच्या. "भावजी, घोड्यावर चढायचंय, का इमानात बसायचंय?"

वहिनी मुळात चढण्याला भिणाऱ्या बाई नव्हत्या. माहेरी बावड्याला असताना चिंचा झोडायला झाडावर त्याच चढायच्या, असं त्यांचा भाऊ सांगायचा. आमच्याकडेही माळ्यावरची पिंपं, पंख्याची पाती, तुळईवरची जाळी, सगळं त्यांच्याकडेच. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी घर धुऊन काढायचं आणि भिंतीवरच्या तसबिरींच्या काचा स्वतः पुसायच्या, हा त्यांचा नेम होता. ते काम त्या कुणाला देत नसत.

त्या वर्षी जयंतीच्या आदल्या आठवड्यात गॅस संपला. आमच्या गावात तेव्हा गॅसची गाडी येत नव्हती. रिकामी टाकी स्कूटरच्या मागच्या सीटवर बांधून बारामतीला न्यायची आणि भरलेली तशीच बांधून आणायची. सकाळी निघताना टाकी बांधायला दोरी सापडेना. उशीर होत होता. पडवीत घोडा मिटवून ठेवलेला होता. मी त्याची मधली दोरी सोडली आणि टाकीला आवळली. संध्याकाळी भरलेली टाकी उतरवली, दोरी गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकली आणि विसरलो.

पुढच्या रविवारी घर धुणं निघालं. वहिनींनी फरशीवर साबणाचं पाणी ओतलं होतं. मी बाजेवर पेपर वाचत पडलो होतो.

"भावजी, घोडा लावून द्या की."

मी उठलो, घोडा आत आणला, पाय फाकवून उभा केला, आणि परत बाजेवर येऊन बसलो. दोरी बघितली नाही.

"नीट लावलाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय, चढा," मी पेपरातून मान वर न करता म्हणालो. धरून उभं राहायचं तर माझ्या मनातही आलं नाही.

लाकूड फरशीवर घसरल्याचा आवाज आला, मग काच फुटल्याचा. मी धावलो तेव्हा घोडा दोन्हीकडे पाय पसरून जमिनीवर सपाट झाला होता. वहिनी उजव्या हातावर पडल्या होत्या. मनगट बघवत नव्हतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी आधी विचारलं, "तसबीर फुटली का ओ?"

दादा घरीच होता. शेजाऱ्यांची जीप आली, आणि माझ्या बायकोला बरोबर घेऊन तो वहिनींना बारामतीच्या दवाखान्यात घेऊन गेला. मी म्हणालो, काचा गोळा करायला थांबतो.

काचा गोळा केल्या. मग डिकीतून दोरी काढली आणि घोड्याला होती तशी बांधली. गाठ जुनी दिसावी म्हणून ती ओल्या फरशीवर घासून मळवली. गाठ मी नीट मारली, हे मला अजून आठवतं.

संध्याकाळी वहिनी हाताला प्लास्टर घालून आल्या आणि उंबऱ्यातच म्हणाल्या, "मी पडले न्हाय. घोडाच फाकला. मला पायाखाली कळलं."

दादानं पडवीत जाऊन घोडा उघडला. दोरी ताणली गेली. "दोरी तर शाबूत हाय," तो म्हणाला. "तुझा पाय सटकला आसंल साबणावर."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "वहिनी, ओल्या पायानं चढायचं नसतं. आणि वाकून काच पुसायला गेलात की तोल जाणारच. मी कितीदा सांगितलंय?" मग मी माझे सगळे कायदे पुन्हा एकदा म्हणून दाखवले. प्लास्टर घातलेल्या बाईला. त्या खाली मान घालून ऐकत होत्या.

त्या दिवशीचं माझं ते बोलणं आठवलं की आजही मला बसल्या जागेवरून उठून जावंसं वाटतं.

मनगट जुळलं, पण पुरतं वळेना. भाकरी थापायला हात मागं वळावा लागतो. वहिनींची भाकरी भावकीत नावाजलेली होती. त्या आता लाटण्यानं भाकरी लाटू लागल्या. आमची एक चुलती जेवायला आली की ताटात बघून म्हणायची, "काय गं, शहरातली झालीस व्हय? भाकरी का पापड हा?" सगळे हसायचे. वहिनीही हसायच्या. मी घास गिळायचो.

त्याहून मोठी गोष्ट हळूहळू झाली. वहिनी चढेनाशा झाल्या. स्टुलावरसुद्धा. माळ्यावरचं काही हवं असलं की माझ्या बायकोला म्हणायच्या, "काढून दे गं बाई, माझा तोल ऱ्हात न्हाय." सुरुवातीला "घोडाच फाकला" असं त्या अधूनमधून म्हणायच्या. मग म्हणायच्या थांबल्या. जे त्यांना पायाखाली कळलं होतं, ते खोटं असं त्यांनी मानून टाकलं. जयंतीला तसबिरी मी पुसू लागलो. त्या खाली उभ्या राहून डाग दाखवायच्या.

दशक संपत आलं तेव्हा दादाची मुलगी बारामतीच्या कॉलेजात होती. जयंतीच्या आदल्या दिवशी ती अंगणात निळ्या पताका लावायला घोड्यावर चढली. दोरी ताणलेली, पाय कोरडे, माझी बायको खाली धरून उभी. सगळं नीट होतं. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"उतर खाली! आधी उतर!"

"अगं आई, काय न्हाय होत."

"माझ्यावर गेलीयास तू. आपल्याला तोल नसतो गं. भावजींला इचार, मी कशी पडले त्ये."

दादा हसून म्हणाला, "उतर बाई. मायलेकी दोगी प्लास्टरात नकोत मला."

पोरगी माझ्याकडं बघत होती. मी "हो" म्हणायचं, एवढंच बाकी होतं. म्हटलं असतं तर ती उतरली असती, आणि आईचा दोष अंगात आहे असं समजून पुढं जगली असती.

मी म्हणालो, "थांब, उतरू नको. वहिनी, तुमचा तोल गेला नव्हता. त्या दिवशी घोड्याला दोरी नव्हती. गॅसच्या टाकीला बांधायला मी सोडली होती. तुम्ही दवाखान्यात गेल्यावर परत बांधली."

दादा म्हणाला, "आन् मी तिला साबणाचं बोललो. तू शेजारी हुबा ऱ्हाऊन ऐकलंस?"

"ऐकलं. वरून मीही बोललो."

दादानं हातातली पताकांची माळ खाली टाकली आणि तो घरात निघून गेला. त्यानंतर बरेच दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

वहिनी ओट्यावर बसल्या. उजवं मनगट त्यांनी डाव्या हातानं धरलं.

"म्हंजी मी खरं बोलत हुते," त्या म्हणाल्या. "मला कळलं हुतं पायाखाली. मी म्हनले हुते तुमाला."

"म्हणाला होतात."

"एवढी वर्सं मला वाटलं, माझंच डोकं फिरलं."

मी त्यांच्या पायांशी वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"माझ्या पाया नगा पडू, भावजी. तिला सांगा. नीट सांगा. तिनं माझ्याच तोंडनं ऐकलंय समदं."

मी घोड्याजवळ गेलो. पोरगी अजून वरच होती, हातात सुतळी घेऊन. तिच्याकडं मान वर करून बोलावं लागत होतं, आणि ते बरोबरच होतं.

"तुझी आई चुकली नव्हती," मी म्हणालो. "घोडा मी लावला. दोरी मी बघितली नाही. तिनं विचारलं तेव्हा न बघता 'चढा' म्हणालो, आणि तिचा हात मोडल्यावर माझी चूक तिच्या अंगावर घातली. ती पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. खोटं मी बोलत होतो." मग मी वहिनींकडं वळलो. "वहिनी, तुमच्या हाताची माफी मागतो. आणि तुमचं खरं बोलणं खोटं ठरवलं, त्याची त्याहून जास्त मागतो."