दोन गोळ्यांची वाटणी

डोस हा शब्द मी दिवसातून किती वेळा उच्चारते, कोण जाणे. मी आरोग्यसेविका, माझं पोटच त्या शब्दावर. पण डहाणूत तो एकट्या दवाखान्याचा राहिलेला नाही. माझे घरमालक वाडीतल्या चिकूंना खताचा डोस देतात. शेजारीण पाहुण्यांना विचारते, चहाचा अजून एक डोस चालेल ना? मीटिंगला साहेब आम्हा सगळ्यांना डोस देतात, तोही रिकाम्या पोटी. मेडिकलवाला गुजराती, तो ‘डोझ’ म्हणतो, आणि त्याची मला उगाचच चीड येते. पाड्यांवर तर मी ‘डोसवाली बाय’च. पोलिओच्या दिवसांत हे नाव चिकटलं ते चिकटलंच. माझं खरं नाव तिथे कुणाला माहीत असेलसं वाटत नाही.

मी घाटावरची. बदली होऊन आले ती इथेच राहिले. लग्न केलं नाही. भावाकडे दिवाळीला जायचे, मग तो बोलवायचा थांबला आणि मी विचारायची थांबले. संध्याकाळी खोलीवर आले की कुलूप काढायचं, कुकर लावायचा, एक शिटी कमी झाली तरी चालतं, खाणारी मीच. तक्रार म्हणून सांगत नाही. पण एकटं वाटतं, आणि ते वाटत नाही असं सांगण्याचा आता कंटाळा आला आहे.

तलासरीच्या बाजूला एका पाड्यावर माझी एक रुग्ण होती. म्हातारी, हाडाची काडी, टीबी निघालेला. तिच्या वजनाला रोज दोन गोळ्या, सकाळी, एकदम. या औषधाची रीत अशी की कुणीतरी समोर बसून ती गिळताना बघायचं. मोठ्या शिकलेल्या माणसांनाही आम्ही सोडत नाही. पण तिच्या पाड्यावर रोज जाणं मला जमण्यासारखं नव्हतं. शेअर रिक्षा हायवेला सोडते, पुढे चालत. म्हणून मीच एक सोय काढली. आठवड्यातून दोनदा मी जाईन, बाकीच्या दिवशी गोळ्या घेतल्या की तिने मिस्ड कॉल द्यायचा. फोन तिच्याकडे नव्हता, शेजारच्या घरात राहणाऱ्या तिच्या जावेकडे होता. दोघी विधवा, दोघींच्या झोपड्यांमध्ये एक अंगण.

मी जात नसे त्या सकाळी सातच्या सुमारास फोन वाजायचा आणि बंद पडायचा. मी तिच्या औषधाच्या कार्डावर त्या दिवसाची खूण करायची. खोटं कशाला बोलू, दिवसभरात मला माझ्यासाठी म्हणून आलेला तेवढाच फोन असायचा. बाकी सगळे रिपोर्ट मागणारे.

दोन महिने झाले तरी म्हातारीचं वजन वाढेना. मी तिला दर खेपेला तेच विचारायची: गोळ्या घेतेस ना? घेते. उलटी? नाय. लघवी लाल होते? होते. या औषधाने लघवी लालसर होते, म्हणजे औषध पोटात गेलं एवढं कळतं. किती गेलं ते कळत नाही. थुंकी पुन्हा तपासायला पाठवली तर जंतू तसेच. डॉक्टर माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, “तुम्ही बघता ना गिळताना?” मी हो म्हणाले. अर्धवट औषधाने जंतू निबर झाले तर पुढची औषधं लांबलचक आणि जड, आणि तेवढी सोसायचं अंग त्या बाईकडे नव्हतं.

मी त्याच दुपारी पाड्यावर गेले. पाकिटं मागितली. सगळी रिकामी, दिवसांशी बरोबर जुळणारी. मी डोक्याला हात लावून बसले होते, तेवढ्यात जाऊ पुढे आली आणि मोठ्या आनंदाने म्हणाली, “बाय, माजी पन लाल होते. म्हंजे औषध लागतंय ना?”

मला समजायला एक क्षण लागला. मग सगळं लख्ख समजलं. जावेलाही खोकला होता. मी तपासणीला ये म्हटलं तर ती दोनदा टाळून बसली होती. आणि म्हातारी रोज सकाळी पाकीट फोडून एक गोळी स्वतः घेत होती, एक तिला देत होती. दोघी अंगणात बसून एका तांब्यातलं पाणी पीत आणि मग जाऊ मला मिस्ड कॉल देई. मी समोर असले की मात्र म्हातारी मुकाट दोन गिळायची, मला बरं वाटावं म्हणून.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. अख्खा पाडा बाहेर आला. अक्कल कुठे गहाण ठेवलीस, स्वतः मरशील आणि हिलाही घेऊन जाशील, सरकार तुझ्यासाठी गोळ्या पाठवतं, वाटायला हा प्रसाद आहे का? साहेबांनी मला दिलेले सगळे डोस एकत्र केले तरी एवढे कडक झाले नसते. आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच होता. बघायचं काम माझं होतं. मी खूण करत बसले.

म्हातारीने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, “ती हितं बसून खोकते. मी तिच्यासमोर एकलीच कशी खाऊ? तू खाशील?”

“हो, खाते,” मी ओरडले. “रोज एकटीच खाते. सगळं एकटीच करते. काही होत नाही त्याने.”

त्या दोघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू आजारी मीच होते. मला भयंकर लाज वाटली. मी पिशवी उचलली आणि जावेला थुंकीची डबी देऊन, उद्या सकाळची भरून ठेव एवढंच सांगून निघाले.

नंतरचे दिवस वाईट गेले. म्हातारीची थुंकी मोठ्या तपासणीला गेली होती, जंतू निबर झाले का ते बघायला. रिपोर्ट येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. कामावर लक्ष लागेना. आला तो चांगला आला. नेहमीचं औषध अजून चालणार होतं. डॉक्टरांनी पहिल्यापासून सुरू केलं. जावेलाही टीबी निघाला आणि तिला तिच्या नावाची पाकिटं मिळाली.

यावेळी मी फोनवर विसंबले नाही. पाड्यावरच्या आशा सेविकेला तीन दिवस वाटून दिले, बाकीचे मी घेतले, रविवारसुद्धा. दोघी आपापली पाकिटं फोडायच्या, एकमेकींसाठी थांबायच्या आणि बरोबर गिळायच्या. एकमेकींसाठी थांबण्याला माझी हरकत नव्हती.

कोर्स संपला. शेवटच्या थुंकीत काही निघालं नाही. म्हातारीचं वजन काट्यावर बघून जाऊ टाळ्या पिटायला लागली. मी दोघींची कार्डं बंद केली, सह्या केल्या. म्हातारी म्हणाली, “आता नको येऊस उन्हातानाची. आमी बऱ्या झालो.”

ती प्रेमानेच म्हणाली होती. पण मला उठवेना.

“मी येणार आहे,” मी म्हणाले.

“कशाला?” तिने खरंच विचारलं. डोसवाली बाय पाड्यावर काम असल्याशिवाय कधी आलेली तिने पाहिली नव्हती, आणि मीही पाहिली नव्हती.

रजिस्टरमध्ये लिहिता येईल असं एकही कारण मला सुचेना.

“जेवायला,” मी म्हणाले.