याडीच्या नावावरचं डोमेन

आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. माझी याडी कवड्या आणि आरसे लावून पिशव्या, बटवे भरते. आमचा तांडा पांढरकवड्याजवळ, हमरस्त्यापासून थोडा आत. तिचं भरतकाम दूरच्या लोकांनीही मागवावं म्हणून मी कॉलेजातल्या एका मित्राकडून वेबसाइट करून घेतली. डोमेन, म्हणजे दुकानाचं इंटरनेटवरचं नाव, त्यानंच घेतलं. होस्टिंगही, म्हणजे ते दुकान ठेवायची भाड्याची जागाही, त्यानंच लावलं. आम्ही मायलेकी आपल्या बटवे भरत बसलो.

पहिलं वर्ष मजेत गेलं. मग ऐन दिवाळीच्या तोंडावर बंगळूरच्या एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "तुम्ही दुकान बंद केलं का हो? काहीच दिसत नाहीये."

मी मोबाइलवर पाहिलं. आमच्या पिशव्यांच्या जागी, नावाची मुदत संपल्याची कोरडी इंग्रजी पाटी.

"काहून वं, तोंड काहून उतरलं?" याडीनं विचारलं.

"दुकान गेलं, याडी."

"गेलं म्हणजे? चोरलं कोनं?"

मित्राला फोन लावला. तो नोकरीसाठी हैदराबादला गेलता. डोमेन त्याच्याच नावावर होतं. मुदतीची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत होती आणि तो ईमेल त्यानं उघडलाच नव्हता. बिचारा ओशाळला. "थांब, नाव अजून हातचं गेलं नाही. आत्ताच भरून राह्यलो पैसे. अन् डोमेन तुमच्या नावावरच करून देतो. पण होस्टिंग बदल बाप्पा, ते लोक फोनच उचलत नाहीत."

मी ओसरीत बसून कंपन्या शोधू लागले. जाहिराती सगळ्यांच्या सारख्याच. वेगवान, सुरक्षित, कधीच बंद न पडणारी. निवडायची कशी?

"फोन लावून पाय," याडी म्हणाली. "उद्या अडलं तर त्यायलेच बोलाचं हाये नं?"

एका कंपनीत मशीनच बोलत राहिलं. एक दाबा, दोन दाबा, पुन्हा एक दाबा. याडी पदर तोंडाला लावून हसत होती. दुसरीकडे मात्र एक बाई हिंदीत बोलल्या. साइट बिघडली तर जुनी प्रत मिळेल का, असं मी विचारलं. रोजची प्रत ठेवतो, तुमची तुम्हालाही काढता येते, असं त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी दर वाढणार का? "हाँ, बढ़ेगा," त्यांनी सरळ सांगितलं, आणि त्यांच्या साइटवर वाढीव दर कुठे लिहिला आहे तेही समजावलं.

तेवढ्यात याडीनं फोन माझ्या हातून घेतला. "बहनजी, बिगड़ा तो तुम ही उठाओगे क्या?"

"मैं नहीं तो कोई और उठाएगा, माँजी."

"लबाड बोलली नाही," याडी मला म्हणाली. "हिचंच घे."

डोमेन याडीच्या नावावर करताना तिच्या मोबाइलवर ओटीपी आला. ती एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागली. शेजारची काकू धावतच आली. "अवं, ओटीपी कोनाले सांगत नसतात!"

"माह्या पोरीले बी नाही?" याडी चिडली, आणि पुढचे आकडे आणखी जोरात वाचले.

मग मित्रानं हैदराबादहूनच साइट नव्या होस्टिंगवर हलवली. नवीन जागी साइट दिसायला थोडा वेळ लागतो, असं कंपनीच्या बाईंनी सांगितलंच होतं. आम्ही कापूस वेचायला निघून गेलो. घरी आल्यावर पाहते तर दुकान उघडलेलं, आणि पहिल्यापेक्षा चटकन! मी नाचायचीच बाकी होते. काकूनं ही बातमी तांडाभर केली. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आमच्या पिशव्या. कोणी बटवा मोठा करून पाहतंय, कोणी मालकिणीचं अभिनंदन करतंय. एकदम इतके लोक शिरूनही साइट अडली नाही. त्याच संध्याकाळी दोन मागण्या आल्या.

याडीनं सगळ्यांना चहा पाजला आणि सुई हातात घेतली. "झालं पाहून? आता बसा जराशा मदतीले. दिवाळी तोंडावर हाये, माल कुठी हाये?"